आयर्लंडचा अर्थसंकल्प: लस नाही आणि करारही नाही, असं धरून मांडलेला हिशेब

लिफीकाठचा
१३ ऑक्टोबर २०२०, रात्री ९:४०

आज जेवणाच्या सुट्टीच्या नावाखाली दोन तास आयर्लंडचा अर्थसंकल्प ऐकला. टेबलाच्या एका कोपऱ्यावर कंपनीचा लॅपटॉप, दुसऱ्या कोपऱ्यावर कुकर, मध्ये अर्थमंत्री.

भाषण नेहमीच्या लेन्स्टर हाउसमध्ये नव्हतं. अंतर ठेवून बसता यावं म्हणून संसद सध्या कन्व्हेन्शन सेंटरमध्ये भरते. डब्लिन पाहिलेल्यांना आठवेल, काचेचं तिरकं पिंप बसवल्यासारखी दिसणारी ती नदीकाठची इमारत. आधी अर्थमंत्री पास्कल डोनोहू बोलले, मग खर्चाचं खातं सांभाळणारे मायकल मॅकग्रा. दोघांचे पक्ष जवळजवळ शतकभर एकमेकांविरुद्ध लढले, जूनपासून एका पंगतीला बसलेत.

एकूण पॅकेज १७.७५ अब्ज युरोंचं. एवढं मोठं या देशात आजवर कधी झालं नव्हतं. लोकसंख्या पन्नास लाखांच्या आतली, म्हणजे माणशी साडेतीन हजार युरोंच्या वर. आरोग्याला जादा ४ अब्ज. हॉटेल-रेस्टॉरंटांचा व्हॅट १ नोव्हेंबरपासून १३.५ वरून ९ टक्के. बंद ठेवाव्या लागलेल्या दुकानांना आठवड्याला जास्तीत जास्त ५,००० युरो. कार्बन कर टनामागे साडेसात युरोंनी वाढून ३३.५०. सिगारेटचं पाकीट १४ युरो.

मला मात्र आकड्यांपेक्षा त्याखालचा पाया जास्त रंजक वाटला. सरकारने दोन गोष्टी सरळ धरून टाकल्या आहेत: २०२१मध्ये लस सर्रास मिळणार नाही, आणि ३१ डिसेंबरला ब्रेक्झिटची मुदत संपेल तेव्हा ब्रिटन-युरोप व्यापार करार झालेला नसेल. म्हणजे दुष्काळ धरला आणि वर तेरावा महिनाही धरला.

माझा प्रश्न असा: हे शहाणपण, की वाईट चित्र उभं करून हात सैल सोडायची युक्ती? इकडे राहणाऱ्यांनी आपापल्या घरातलं लिहावं. तिकडच्यांचं मतही चालेल, पण सावकाश.

---

टवाळ_बंड्या
१३ ऑक्टोबर २०२०, रात्री ९:५२

रुमाल टाकून ठेवतो.

---

मालवणी_खाजा
१३ ऑक्टोबर २०२०, रात्री १०:०५

ता सगळा ऱ्हवांदे. आमच्या वराडच्या झिलान काय केल्यान ता सांगा आदी!

---

लिफीकाठचा
१३ ऑक्टोबर २०२०, रात्री १०:११

@मालवणी_खाजा, तुमचे लिओ वराडकर सध्या उपपंतप्रधान, उद्योग खातं त्यांच्याकडे. परवाच टीव्हीवर सरकारच्याच साथतज्ज्ञांच्या समितीला चार शब्द सुनावून आले. समिती म्हणाली पाचव्या, म्हणजे सगळ्यात कडक पातळीची टाळेबंदी करा, सरकार म्हणालं तिसरी पुरे.

---

मालवणी_खाजा
१३ ऑक्टोबर २०२०, रात्री १०:१४

म्हंजे मालवण तालुक्याचोच खरो! गेल्या डिसेंबरात गावात इल्लो तेव्हा किती गरीब वाटलो.

---

हिशेबनीस
१३ ऑक्टोबर २०२०, रात्री ११:२०

२००६पासून डब्लिनमध्ये आहे, धंद्याने अकाउंटंट. थोडं सविस्तर लिहितो.

ज्यांनी इथलं २०१० पाहिलं नाही, त्यांना आजच्या भाषणातली गंमत कळायची नाही. बँका बुडाल्या, नोव्हेंबर २०१०मध्ये नाणेनिधी आणि युरोपकडून ८५ अब्जांचा बचाव घ्यावा लागला (त्यातला काही भाग आपल्याच गाठीचा). मग कात्री. युनिव्हर्सल सोशल चार्ज नावाचा कर २०११मध्ये आला तो अजून पगारपत्रकात ठाण मांडून आहे. किमान वेतन तासाला ८.६५ वरून ७.६५ केलं, काही महिन्यांत परत फिरवलं. आमच्या गल्लीतली तीन घरं त्या दोन वर्षांत रिकामी झाली, पोरं ऑस्ट्रेलिया-कॅनडाला गेली. एका म्हातारीने मला विचारलं होतं, "तू का नाही जात परत?" रागाने नव्हे, काळजीने.

त्या वेळी मंत्र होता, अंथरूण पाहून पाय पसरा. आज त्याच देशाचा अर्थमंत्री, तोही हात आखडता म्हणून प्रसिद्ध असलेला, यंदा साडेएकवीस अब्जांची तूट आणि पुढच्या वर्षी साडेवीस अब्जांची, हे सांगतो आणि कोणी खुर्चीतून पडत नाही. फरक कशाने पडला? उसनं फुकट मिळतंय. युरोपची मध्यवर्ती बँक रोखे उचलते आहे, आयर्लंडच्या दहा वर्षांच्या रोख्यांवरचा परतावा शून्याखाली आहे. सावकारच म्हणतोय, माझे पैसे ठेवून घ्या, परत देताना थोडे कमी द्या. शिवाय तुटीच्या मर्यादेचा युरोपीय नियम मार्चपासूनच बाजूला ठेवलाय.

तरी एकूण कर्ज २१९ अब्जांच्या आसपास जातंय, माणशी ४४ हजार. व्याज शून्य असेपर्यंत झोप लागते.

मूळ प्रश्नावर: हात सैल सोडायचा असता तर सगळं वाटून टाकलं असतं. यांनी ३.४ अब्जांचा सावरण्याचा निधी आणि दोन अब्जांहून जास्त रक्कम कुणाच्याच नावावर न टाकता बाजूला ठेवलीय. मला हे शहाणपण वाटतं.

---

टवाळ_बंड्या
१३ ऑक्टोबर २०२०, रात्री ११:३१

यात 'रेनी डे फंड' नावाची गुल्लकही फोडली म्हणे, दीड अब्जाची. ज्या देशात वर्षाचे निम्म्याहून जास्त दिवस पाऊस, तिथे या नावाचा निधी इतके दिवस शिल्लक राहिला हेच नवल.

---

रात्रपाळी
१४ ऑक्टोबर २०२०, सकाळी ८:४५

आत्ता ड्युटी संपवून बसमध्ये बसलेय, चुकभूल माफ.

कॉर्कमध्ये परिचारिका आहे. वॉर्डात निम्म्याहून जास्त आम्ही भारतीय आणि फिलिपिनो, बहुतेक केरळच्या, मराठी मी एकटी. काल रात्री चहाच्या खोलीत मोबाइलवर मंत्र्यांचं भाषण लावलं होतं. ४ अब्ज ऐकून कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एक मल्याळी चेची म्हणाली, "खाटा विकत मिळतात. बाजूला उभी राहणारी बाई कुठून आणणार?"

मार्चमध्ये लोकांनी दारात उभं राहून टाळ्या दिल्या. बरं वाटलं, खोटं का बोलू. पण आता सात महिने झाले. एका खाटेवरून दुसरीकडे जाताना अंगावरचा प्लास्टिकचा एप्रन, हातमोजे बदलायचे, दर वेळी. बोटांच्या पेरांना भेगा पडल्यात, घरी कणीक मळताना मीठ लागतं.

हिशेबनीसकाका, तुमचं पटतं. पण वाईटात वाईट धरून हिशेब मांडणारे तिसऱ्या पातळीवर का थांबले, हे मला कळत नाही. पैशाच्या वहीत लस नाही, मग वॉर्डाच्या वहीत का आहे?

---

कडवट_डोस
१४ ऑक्टोबर २०२०, सकाळी ९:३०

रात्रपाळी ताईंच्या शेवटच्या वाक्याला दंडवत.

बाकी मला यात युक्तीच दिसते. मुलगा आईला आधीच सांगून ठेवतो, "पेपर फार अवघड होता." मग साठ टक्के पडले तरी पेढे. आता यांची तूट ठरल्यापेक्षा कमी आली की म्हणतील, बघा किती काटकसर.

आणि कार्बन कर आत्ताच वाढवायचा होता? पेट्रोल-डिझेल काल रात्रीपासूनच महाग झालं. गावात राहणाऱ्याला बस नाही, ट्रेन नाही.

---

लिफीकाठचा
१४ ऑक्टोबर २०२०, सकाळी ९:४८

घर तापवायच्या इंधनावरची वाढ मे महिन्यापासून आहे, हिवाळा जाऊ दिलाय. सरकारात हरित पक्ष आहे. २०३०पर्यंत टनाला १०० युरो हे ठरलेलंच आहे.

---

पुरणाचा_पत्ता
१४ ऑक्टोबर २०२०, दुपारी १:१५

गॉलवेला असते. शनिवार-रविवार बाजारात माझा स्टॉल असायचा: बटाटेवडा, साबुदाणा खिचडी, उन्हाळ्यात कोकम सरबत. आयरिश लोकांना वडा "स्पायसी पोटॅटो डोनट" म्हणून विकावा लागतो, त्याला माझी हरकत नाही. लसणाची चटणी मात्र ते मागून नेतात.

मार्चपासून बंद. आठवड्याला ५,००० युरोंची नवी योजना ऐकून नवरा म्हणाला, "बघ, आला तुझा नंबर." रात्री बसून अटी वाचल्या. धंद्याची पक्की जागा हवी, जिथे गिऱ्हाइकाला यायला सरकारने मनाई केलीय. माझी जागा म्हणजे चार लोखंडी पाय आणि ताडपत्री, तीही शनिवारी सकाळी उभी राहते. म्हणजे मी बंद आहे, पण सरकारच्या लेखी मी कधी उघडीच नव्हते.

---

हिशेबनीस
१४ ऑक्टोबर २०२०, दुपारी १:५०

ताई, वाचून वाईट वाटलं. आणि ते ५,००० म्हणजे कमाल मर्यादा आहे, सगळ्यांना तेवढे नाहीत. २०१९च्या सरासरी साप्ताहिक विक्रीच्या १० टक्के, वर्षाच्या दहा लाखांच्या विक्रीपर्यंत. त्यापुढे ५ टक्के. वर्षाला पाच लाखांचा गल्ला असलेल्या रेस्टॉरंटच्या हाती आठवड्याला ९६० युरो येतील. वर अट अशी की आत्ताची विक्री आधीच्या पावपटीहून जास्त नको. ज्याने डोकं चालवून पार्सलचा धंदा वाढवला, तो पावपटीच्या वर गेला की बाद.

तुमच्यासाठी महामारीचा बेकारभत्ता, पीयूपी, हाच रस्ता. कालच्या भाषणात एक बरी गोष्ट होती: स्वयंरोजगारवाल्यांना तो घेत असताना महिन्याला ४८० युरोंपर्यंत कमावता येईल. चार घरचे डबे, दिवाळीचा फराळ तेवढ्यात बसवा. पण वही ठेवा, आणि भत्ता करपात्र आहे हे विसरू नका. लोक विसरतायत.

---

पुरणाचा_पत्ता
१४ ऑक्टोबर २०२०, दुपारी २:०५

करपात्र??

---

हिशेबनीस
१४ ऑक्टोबर २०२०, दुपारी २:०७

हो.

---

सदाशिव_पेठी
१४ ऑक्टोबर २०२०, दुपारी ४:३०

हा सगळा प्रकार म्हणजे ऋण काढून सण. आठवड्याला ३५० युरो घरबसल्या मिळाले तर कोण कामाला जाईल? आमच्याकडे २० लाख कोटींचं पॅकेज दिलं, पण बरंचसं कर्ज आणि हमीच्या रूपाने. फुकट दिलं की माणूस आळसावतो. आमच्या राज्य सरकारी कर्मचाऱ्यांचा मार्चचा पगार दोन हप्त्यांत झाला, कोणी मेलं का?

---

भाड्याची_खोली
१४ ऑक्टोबर २०२०, संध्याकाळी ५:१०

काका, मी ३५० घेतलेला माणूस आहे. लिमरिकला मास्टर्स करत होतो, संध्याकाळी एका हॉटेलात भांडी घासायचो. १५ मार्चला पब बंद झाले, आमचं हॉटेल त्या आठवड्यात. मालकाने हातात उरलेले टोमॅटो आणि ब्रेड दिला आणि म्हणाला, "काळजी घे."

भत्त्यासाठी नागरिकत्व लागत नव्हतं, विद्यार्थी असून अर्ज करता आला. खोलीचं भाडं त्यातून गेलं. नाहीतर बाबांना नाशिकहून पैसे पाठवावे लागले असते, आणि तेव्हा त्यांचं स्वतःचं दुकान बंद होतं. मेच्या सुरुवातीला सहा लाखांवर लोक या भत्त्यावर होते. एवढ्या लोकांना एकदम आळस चढतो का हो? हॉटेल उघडलं त्या आठवड्यात मी परत भांड्यांपाशी होतो.

---

टवाळ_बंड्या
१४ ऑक्टोबर २०२०, संध्याकाळी ५:२२

+१. आणि पेठेत दुपारी १ ते ४ दुकान बंद ठेवून आळसावर प्रवचन देणं म्हणजे कमाल आहे. (दिवा घ्या!)

---

सदाशिव_पेठी
१४ ऑक्टोबर २०२०, संध्याकाळी ५:४०

दिवा घेतला. पण मुद्दा कायम. आणि हप्ता इकडेही फुकटात पडला नाही, हे मान्य.

---

वेक्सफर्डकर
१४ ऑक्टोबर २०२०, रात्री १०:३०

सगळे महामारीवरच बोलताय. मालवाहतुकीत काम करतो, त्यामुळे दुसऱ्या अर्ध्याबद्दल लिहितो, करारच झाला नाही तर काय.

नकाशा डोळ्यासमोर आणा. आयर्लंडमधून फ्रान्सला जाणारा ट्रक डब्लिनहून बोटीने वेल्समधल्या होलिहेडला उतरतो, ब्रिटन आडवं कापत डोव्हरला, तिथून कॅलेला. वीस तासांच्या आत माल युरोपच्या जमिनीवर. थेट बोटीने चाळीसच्या घरात. वर्षाला सुमारे दीड लाख ट्रक असे जातात. १ जानेवारीपासून मधला अख्खा तुकडा परका देश.

दुसरं, इथल्या गोमांसाची जवळजवळ निम्मी निर्यात ब्रिटनला. करार नाही म्हणजे जागतिक व्यापार संघटनेचे दर, आणि गोमांस-चेडरवर ते दर इतके जबर आहेत की धंदाच बसतो. मश्रूमचं तर विचारू नका. २०१६च्या सार्वमतानंतर पौंड घसरला तेव्हाच काही मश्रूम फार्म बंद पडले; मश्रूम काल खुडलं की आज लंडनच्या दुकानात हवं, थांबत नाही ते.

अर्थसंकल्पात ब्रेक्झिटच्या तयारीला ३४ कोटी युरो, बंदरांवर तपासणीला सगळे मिळून दीड हजारांच्या आसपास माणसं. शेड बांधून तयार आहेत, मी रोज बघतो. आग लागल्यावर विहीर खणली असं तरी म्हणता येणार नाही. पण शेड आहे म्हणून कागद बरोबर भरला जातो असं नसतं. आमच्या गिऱ्हाइकांपैकी अर्ध्यांना अजून वाटतंय की "होईल काहीतरी".

---

टेम्सकाठची
१४ ऑक्टोबर २०२०, रात्री ११:०५

लंडनहून हजेरी. आमच्याकडेही सगळे "होईल काहीतरी" याच पक्षाचे.

ऑगस्टमध्ये आमच्या सरकारने सोमवार ते बुधवार बाहेर जेवायला माणशी दहा पौंडांपर्यंत निम्मं बिल भरलं. आम्ही नऊ वेळा गेलो. आता रुग्ण वाढल्यावर आम्हालाच रागावतायत.

---

लिफीकाठचा
१४ ऑक्टोबर २०२०, रात्री ११:१८

आमची त्याहून थोर योजना, 'स्टे अँड स्पेंड'. १ ऑक्टोबर ते एप्रिलअखेर देशातच हॉटेलात राहा, खा, ६२५ युरो खर्च करा, पावत्यांचे फोटो काढून ॲपवर चढवा, मग १२५ युरो करातून परत. सुरू झाली आणि आठवड्यात तिसरी पातळी, आत बसून जेवायला बंदी.

---

टवाळ_बंड्या
१९ ऑक्टोबर २०२०, रात्री ९:१५

ब्रेकिंग: बुधवारी मध्यरात्रीपासून पाचवी पातळी. सहा आठवडे. घरापासून पाच किलोमीटरच्या आत.

स्टे अँड स्पेंडमधलं स्टे तेवढं उरलं.

---

रात्रपाळी
२० ऑक्टोबर २०२०, सकाळी ९:०२

दोन आठवड्यांपूर्वी समितीने हेच सांगितलं होतं. एवढंच लिहिते, झोपायचंय.

---

कडवट_डोस
२० ऑक्टोबर २०२०, सकाळी ९:४०

अर्थसंकल्पाला एक आठवडासुद्धा झाला नाही. हिशेबनीस, ती बाजूला ठेवलेली रक्कम कुठवर पुरेल?

---

हिशेबनीस
२० ऑक्टोबर २०२०, दुपारी १२:३०

म्हणूनच ती बाजूला ठेवली होती ना! तुमचा युक्तीचा आरोप मी अर्धा मागे घ्यायला लावणार. ३५० चा भत्ताही परत आणलाय, आधी जास्त कमावणाऱ्यांसाठी.

आणि वाढीच्या आकड्यांवर जाऊ नका. यंदा इथला जीडीपी वाढलेला दिसला तरी नवल नाही. औषध आणि संगणक कंपन्यांची निर्यात त्यात धरतात, ती मजेत चालू आहे. २०१५मध्ये बड्या परदेशी कंपन्यांनी आपली बौद्धिक संपदा इथल्या नावावर आणली, तेव्हा जीडीपी २६ टक्क्यांनी वाढला होता आणि अर्थतज्ज्ञ पॉल क्रुगमनने त्याला लेप्रेकॉन अर्थशास्त्र म्हटलं होतं. लेप्रेकॉन म्हणजे इथल्या गोष्टींमधला सोन्याचा हंडा लपवणारा बुटका. आपल्याकडच्या धनावर बसलेल्या नागोबाचा चुलतभाऊ समजा.

---

मालवणी_खाजा
२० ऑक्टोबर २०२०, दुपारी १२:४४

तो हंडो आमच्या परसात गावलो तर कळवतंय.

---

पुरणाचा_पत्ता
२ नोव्हेंबर २०२०, दुपारी ३:२०

थोडं अवांतर. फराळाच्या ऑर्डरी घेतेय, ४८० च्या आत बसवून. तूप इथलंच: केरीगोल्डचं लोणी मंद आचेवर कढवायचं, शेवटी दोन लवंगा. असं रवाळ तूप मला सांगलीतही मिळालं नव्हतं. बेसन मात्र इंग्लंडहून येतं. दुकानदार म्हणाला, जानेवारीचं सांगता येत नाही, भरून ठेवा.

---

टेम्सकाठची
२ नोव्हेंबर २०२०, दुपारी ३:४१

लोणी बिनमिठाचं ना? मी एकदा खारं कढवलं. सासूबाई व्हिडिओ कॉलवर होत्या. पुढचं लिहीत नाही.

---

(यानंतर तूप, लोणी, विरजण, आणि आयरिश दुधाचं दही आंबट का होत नाही यावर एकतीस प्रतिसाद.)

---

संपादक मंडळ
४ नोव्हेंबर २०२०, सकाळी ११:००

पाककृतींसाठी वेगळा विभाग आहे. धाग्याचं काश्मीर झालं नाही, पण तूप होतंय. विषयावर यावे.

---

वेक्सफर्डकर
२७ डिसेंबर २०२०, सकाळी १०:१५

धागा वर काढतो. २४ तारखेला करार झाला. गोमांस, चेडर, मश्रूम, सगळं जकातीविना, कोट्याविना. आमच्या ऑफिसात पहिल्यांदा कोणीतरी मोठ्याने हसलं.

पण त्याआधीचा आठवडा विसरणार नाही. विषाणूचं नवं रूप सापडलं म्हणून फ्रान्सने ब्रिटनकडून येणारी वाट बंद केली. केंटमध्ये हजारो ट्रक अडकले. आमचा एक ड्रायव्हर कॅबिनमध्ये तीन दिवस होता, फोनवर मुलीला सांगत होता की सांताक्लॉज पण याच रांगेत आहे. साथ आणि व्यापार हे दोन वेगळे प्रश्न, असं ज्यांना वाटत होतं त्यांनी ती रांग बघायला हवी होती.

---

कडवट_डोस
२७ डिसेंबर २०२०, सकाळी ११:००

करार झाला. लसही युरोपात आजपासून टोचायला सुरुवात, इथे दोन दिवसांत. म्हणजे अर्थसंकल्पाची दोन्ही गृहीतकं चुकली! पेपर सोपा गेला, पेढे काढा.

---

लिफीकाठचा
२३ जानेवारी २०२१, संध्याकाळी ६:३०

पेढे राहू द्या, तूरडाळ नाही.

आज दोन महिन्यांनी भारतीय दुकानात गेलो. डाळींच्या फळीवर फक्त किमतीच्या चिठ्ठ्या. बेसन नाही, पोहे जाडे नाहीत, पनीरचा फ्रीज बंद करून त्यात मास्क ठेवलेत. दुकानदाराला म्हटलं, करार झालाय ना, जकात नाही? तो गुजराती, हसला नुसता आणि कस्टमच्या कागदांचा गठ्ठा दाखवला.

@वेक्सफर्डकर, उलगडून सांगा.

---

वेक्सफर्डकर
२३ जानेवारी २०२१, रात्री ९:५०

सोपं आहे, आणि म्हणून जास्त चिडचिड होते. जकातीची माफी ब्रिटनच्या मालाला आहे, ब्रिटनमधून आलेल्या मालाला नाही. तूर भारतात किंवा आफ्रिकेत पिकलेली. लेस्टरच्या गोदामात उतरली, मोठ्या गोणीतून दोन किलोच्या पिशवीत भरली. पिशवी बदलली म्हणून डाळ इंग्लिश होत नाही. मूळ देशाचा नियम म्हणतात याला. ब्रिटनमध्ये शिरताना जी काय जकात असेल ती, आणि युरोपात शिरताना युरोपची वेगळी.

पनीर, तूप, दुधाची मिठाई यांना तर पशुवैद्याचं प्रमाणपत्र हवं. एका ट्रकमध्ये चाळीस दुकानांचा, दोनशे प्रकारचा माल, प्रत्येकाचा वेगळा कोड. एक कोड चुकला की अख्खा ट्रक लाल मार्गिकेत. घाऊक व्यापारी म्हणतो, जाऊ दे, आयर्लंड केवढंसं!

डब्लिन बंदरात ट्रक कमी दिसतात, पण आमच्या रॉसलेअर बंदरात उलटं चित्र आहे. २ तारखेपासून इथून थेट फ्रान्समधल्या डंकर्कची बोट सुरू झाली, ब्रिटनला टाळून. ड्रायव्हर पहिल्यांदाच बोटीवर झोपून जातायत. जी गोष्ट चाळीस वर्षं जमली नाही ती ब्रेक्झिटने केली, आमचं बंदर गजबजलं.

---

रात्रपाळी
२४ जानेवारी २०२१, सकाळी ८:५०

डाळीचं वाचून हसू आलं, राग मानू नका. या महिन्यात लोकसंख्येच्या मानाने जगात सगळ्यात जास्त रुग्ण आमच्याकडे होते. डिसेंबरात हॉटेलं उघडली, लोक भेटले, त्यात ते नवं रूप. लस मला १० तारखेला मिळाली, पहिला डोस. त्याच दिवशी वॉर्डातल्या तिघी पॉझिटिव्ह.

तेव्हा, कडवट_डोस, लस असणं आणि लस सर्रास मिळणं यात माझ्या बारा रात्री बसतात.

---

कडवट_डोस
२४ जानेवारी २०२१, सकाळी ९:२०

ताई, शब्द मागे घेतो. पूर्ण.

---

हिशेबनीस
२४ जानेवारी २०२१, दुपारी २:१०

वर्षअखेरचे कराचे आकडे आले आहेत, ते इथे लिहिणं भाग आहे, कारण त्यांनी मला झोप लागू दिली नाही.

सहा लाख लोक एका फटक्यात बेकार झाले होते. आयकर किती घटला असेल? जेमतेम एक टक्का. कंपनीकर उलट वाढून ११.८ अब्ज झाला, विक्रमी.

याचा अर्थ ज्यांची कामं गेली ते आधीपासूनच इतकं कमी कमावत होते की त्यांच्या जाण्याने तिजोरीला कळलंसुद्धा नाही. भाड्याची_खोलीसारखी भांडी घासणारी पोरं, पुरणाच्या ताई, खोल्या झाडणाऱ्या बायका. कर भरत राहिले ते माझ्यासारखे आणि लिफीकाठच्यासारखे, टेबलावर लॅपटॉप ठेवून बसलेले. आमचा तर पेट्रोलचा खर्चही वाचला. ऑक्टोबरात मी भत्त्याकडे खर्च म्हणून पाहत होतो. आता वाटतं, हे लोक इतकी वर्षं या देशात इतक्या कमी पैशांत राहत होते हे मला, अकाउंटंटला, एका साथीमुळे कळावं?

---

सदाशिव_पेठी
१ फेब्रुवारी २०२१, दुपारी ३:३०

आज आमचाही अर्थसंकल्प झाला. यंदाची तूट ३.५ टक्के धरली होती, ती ९.५ टक्के. सीतारामन यांनी सरळ सांगून टाकलं. ऋण काढून सण हे मी ऑक्टोबरात म्हटलं होतं, ते आता घरातच आलं. हिशेबनीस यांचा वरचा प्रतिसाद दोनदा वाचला. आमच्याकडे तर असे लोक आयकराच्या वहीत कधी नव्हतेच, ते चालत गावी गेले तेव्हा दिसले.

---

पुरणाचा_पत्ता
१ फेब्रुवारी २०२१, रात्री ८:००

हिशेबनीसदादा, भत्त्यावरच्या कराचं विवरण आलं. तुम्ही सांगितलं म्हणून वही होती. रक्कम भरायची आहे, पण २०२२पासून चार वर्षांत थोडी थोडी कापतील म्हणे. बरोबर ना? आणि नवऱ्याला वाटतंय मी स्टॉल विकावा. मी ताडपत्री धुऊन वाळवून ठेवलीय.

---

हिशेबनीस
१ फेब्रुवारी २०२१, रात्री ८:१२

बरोबर. व्याज नाही. विकू नका.

---

लिफीकाठचा
१३ फेब्रुवारी २०२१, दुपारी १२:२०

ऑक्टोबरात विचारलं होतं, शहाणपण की युक्ती. आता तो प्रश्न मलाच थोडा लॅपटॉपवाल्याचा वाटतो. तरी उत्तर द्यायचं तर: वाईट धरलं होतं ते कागदावर टळलं, आणि बाजूला ठेवलेले पैसे तरीही लागले.

आज दुकानदाराचा फोन आला. तूरडाळ आली आहे, या वेळी लेस्टरहून नाही, रॉटरडॅमहून. पिशवीवर डच भाषेत काहीतरी लिहिलंय. किलोमागे ऐंशी सेंट जास्त, आणि घरटी दोनच पिशव्या. पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांनी लवकर जावे.

---

टवाळ_बंड्या
१३ फेब्रुवारी २०२१, दुपारी १२:२४

सव्वापाच किलोमीटर. रुमाल टाकून ठेवा.